आज्ञापालन आणि निष्ठा : कूनन क्रूसाची शपथ

एखादे मूल ‘ऐकत नाही’ असे मराठीत म्हटले जाते, तेव्हा त्याच्या कानांत काही दोष आहे असा बोलणाऱ्याचा आशय नसतो. ऐकणे या एकाच क्रियापदात कानांवर पडणे आणि सांगितल्याप्रमाणे वागणे हे दोन्ही अर्थ सामावलेले आहेत. हा केवळ मराठीचाच विशेष नव्हे. हिब्रू भाषेतील ‘शमा’ हा धातू असाच दुहेरी आहे. नव्या कराराच्या ग्रीक संहितेत आज्ञापालनासाठी येणारा ‘हुपाकोए’ हा शब्द ‘ऐकणे’ या अर्थाच्या क्रियापदापासून बनला आहे, आणि लॅटिनमधील ‘ओबेदिरे’ या शब्दाची व्युत्पत्तीही ऐकण्याकडेच जाते. ख्रिस्ती धर्मातील आज्ञापालनाच्या शिकवणुकीचा विचार करताना हे मूळ ध्यानात ठेवणे उपयुक्त ठरते. कारण आज्ञा पाळावी की पाळू नये, हा वाद ख्रिस्ती जगात फारसा झालेला नाही. वाद झाला तो आवाज कोणाचा ऐकावयाचा आणि तो खरोखर त्याचाच आहे हे ओळखावयाचे कसे, याविषयी.

या प्रश्नाची दोन्ही टोके नव्या करारातच सापडतात. रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या १३ व्या अध्यायात पौल प्रत्येकाने राज्यकर्त्यांच्या अधीन असावे असे सांगतो, कारण अधिकार हा ईश्वराने नेमून दिलेला असतो अशी त्याची भूमिका आहे. ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या ५ व्या अध्यायात मात्र यरुशलेमच्या वरिष्ठ सभेने उपदेश बंद करण्याची ताकीद दिली असता पेत्र आणि त्याचे सोबती ती उघडपणे नाकारतात. माणसाच्या हुकुमापेक्षा ईश्वराची आज्ञा त्यांना मोठी वाटते. कराच्या नाण्याविषयी येशूने दिलेले उत्तर सर्वपरिचित आहे. परंतु कैसराचे कोणते आणि देवाचे कोणते याची यादी त्याने कोठेही दिलेली नाही, हे तितकेसे लक्षात घेतले जात नाही. या सर्वांच्या वर ख्रिस्ती माणसापुढे आदर्श असतो तो गेथशेमाने बागेतील येशूचा. मरण समोर दिसत असता स्वतःची इच्छा बाजूस सारून तो पित्याची इच्छा स्वीकारतो. आज्ञापालन हे येथे दुर्बलाचे लक्षण राहत नाही. ते प्रेमाची परिसीमा ठरते.

पुढे ख्रिस्ती धर्मसंस्था स्थिरावली तसे या आदर्शाला नियमांचे रूप आले. सहाव्या शतकात इटलीत संत बेनेडिक्ट याने मठवासीयांसाठी जी नियमावली तयार केली, तिचा पहिलाच शब्द ‘ऐक’ असा आहे. मठाधिपती हा ख्रिस्ताच्या जागी असतो, म्हणून त्याची आज्ञा विनाविलंब पाळावी, असे ही नियमावली सांगते. पण त्याच नियमावलीत महत्त्वाच्या प्रसंगी मठाधिपतीने सर्वांना, अगदी वयाने सर्वांत लहान असलेल्यालाही बोलावून त्यांचे म्हणणे ऐकावे असाही दंडक आहे. ऐकण्याचे कर्तव्य एकाच बाजूचे नाही. तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस याने हा विषय अधिक काटेकोरपणे मांडला. वरिष्ठाची आज्ञा त्याहूनही श्रेष्ठ असलेल्या अधिकाराच्या विरुद्ध जात असेल, किंवा ज्या बाबतीत वरिष्ठाला मुळात अधिकारच नाही अशा बाबतीत ती दिली गेली असेल, तर कनिष्ठावर ती बंधनकारक नाही, असा त्याचा निर्वाळा आहे. याच्या उलट टोकाला सोळाव्या शतकातील इग्नेशियस लोयोला दिसतो. जेझुइट संघाच्या या संस्थापकाने २६ मार्च १५५३ रोजी पोर्तुगालमधील आपल्या अनुयायांना लिहिलेले पत्र प्रसिद्ध आहे. आज्ञेप्रमाणे केवळ कृती करणे ही आज्ञापालनाची सर्वांत खालची पायरी, आपली इच्छा वरिष्ठाच्या इच्छेशी एकरूप करणे ही दुसरी, आणि आपली बुद्धीही त्याच्या निर्णयापुढे नमविणे ही सर्वांत वरची, असे तीन टप्पे त्याने सांगितले.

या पत्राला शंभर वर्षे पूर्ण होण्यास काही आठवडे उरले असताना भारताच्या पश्चिम किनाऱ्यावरील एका प्राचीन ख्रिस्ती समाजाने जेझुइट बिशपची आज्ञा यापुढे मानणार नाही, अशी जाहीर शपथ घेतली. केरळच्या इतिहासात ही घटना ‘कूनन क्रूसाची शपथ’ या नावाने ओळखली जाते. ख्रिस्ती शिकवणुकीतील आज्ञापालनाचा प्रश्न प्रत्यक्ष व्यवहारात किती गुंतागुंतीचा होतो, हे समजून घेण्यास याहून चांगले उदाहरण भारतात तरी मिळणार नाही.

मलबारची जुनी घडी

येशूच्या बारा प्रेषितांपैकी थोमा, म्हणजेच संत थॉमस, इ. स. ५२ मध्ये कोडुंगल्लूरनजीक उतरला आणि त्याने येथील काही घराण्यांना दीक्षा दिली, अशी या समाजाची परंपरागत श्रद्धा आहे. ऐतिहासिक पुरावा पाहिला तर सहाव्या शतकात कॉस्मस या ग्रीक भाषेत लिहिणाऱ्या प्रवाशाने मलबारात ख्रिस्ती लोक असल्याची आणि ‘कल्लियाना’ येथे इराणातून नेमलेला बिशप असल्याची नोंद केली आहे. (हे कल्लियाना म्हणजे ठाण्याजवळचे कल्याण असावे, असे काही अभ्यासकांचे मत आहे.) इ. स. ८४९ च्या कोल्लम येथील ताम्रपटांत तर तेथील चर्चला स्थानिक राजाने दिलेले हक्क आणि सवलती तपशिलाने कोरलेल्या आहेत. मिरीच्या व्यापारात आणि शस्त्रविद्येत नाव मिळविलेला हा समाज सोवळेओवळे, विवाहविधी, पेहराव यांत आपल्या हिंदू शेजाऱ्यांहून फारसा निराळा नव्हता. चर्चमधील उपासना मात्र सुरियानी भाषेत चाले.

उपासनेच्या या भाषेत त्यांच्या धार्मिक निष्ठेचा इतिहास दडलेला आहे. त्यांचे बिशप मेसोपोटेमियातील पूर्वेच्या चर्चच्या पॅट्रिआर्ककडून, म्हणजे महाधर्माध्यक्षाकडून, नेमून येत. समुद्रमार्गे येणारा हा परदेशी बिशप नव्या पाद्र्यांना दीक्षा देई, तैलाभिषेकाचे पवित्र तेल सिद्ध करी, आशीर्वाद देई. पण त्याला मलयाळम येत नसे आणि कारभारात तो लक्षही घालीत नसे. समाजाचा खरा कारभारी होता तो ‘आर्चडीकन’. हे पद पकलोमट्टम या घराण्यात असे आणि बहुधा मामाकडून भाच्याकडे जाई. ‘साऱ्या जातीचा कर्ता’ अशा अर्थाची पदवी तो लावी, आणि स्थानिक राजेही त्यालाच समाजाचा प्रमुख म्हणून ओळखीत. गावोगावच्या चर्चचा कारभार ‘पळ्ळियोगम्’ नावाच्या सभेकडे असे. कत्तनार, म्हणजे स्थानिक पाद्री, आणि कुटुंबप्रमुख तीत एकत्र बसून निर्णय घेत.

म्हणजे आज्ञा देणारे तीन होते: दूरचा बिशप, जवळचा आर्चडीकन आणि गावची सभा. यांतील श्रेष्ठ कोण, हा प्रश्न शतकानुशतके कोणी विचारला नाही, कारण तिघांची क्षेत्रे वेगवेगळी होती. अक्वायनसने लॅटिनमध्ये जी मर्यादा तात्त्विक भाषेत सांगितली, ती मलबारात वहिवाटीने पाळली जात होती. रोमच्या पोपविषयी या समाजाला वैर नव्हते. सोळाव्या शतकात मेसोपोटेमियातील पॅट्रिआर्कांच्या एका शाखेने रोमशी ऐक्य केले होते, आणि मलबारचा शेवटचा सुरियानी बिशप मार अब्राहम याने पोपचीही मान्यता मिळविली होती. पॅट्रिआर्कवर निष्ठा आणि पोपचा आदर या दोन गोष्टी त्यांना परस्परविरोधी वाटत नव्हत्या. त्या तशा आहेत, हे त्यांना पोर्तुगीजांनी सांगितले.

पोर्तुगालचा राजा आणि रोमचा पोप

पोर्तुगीज लोक १४९८ मध्ये मलबारात आले ते व्यापारासाठी. परंतु त्यांच्या राजाच्या हाती ‘पद्रोआदो’ नावाचा एक विलक्षण हक्क होता. पंधराव्या आणि सोळाव्या शतकांतील पोपांनी निरनिराळ्या आदेशपत्रांद्वारे पोर्तुगीज राजाला त्याच्या प्रभावक्षेत्रातील चर्च बांधण्याची, मिशनऱ्यांचा खर्च चालविण्याची आणि त्याबदल्यात बिशपांची नावे सुचविण्याची सनद दिली होती. व्यवहारात याचा अर्थ असा झाला की आशियात जाणाऱ्या बिशपने लिस्बनच्या वाटेने, राजाची संमती घेऊनच जावे. आध्यात्मिक अधिकार आणि राजसत्तेचा परवाना एकाच कागदावर आले. पोपचा दूत जरी झाला, तरी तो राजाच्या जहाजातून आलेला नसेल तर पोर्तुगीजांच्या लेखी तो घुसखोर होता.

मार अब्राहम १५९७ मध्ये अंगमाली येथे मरण पावला. तेव्हा गोव्याचा आर्चबिशप होता आलेशु द मेनेझिश, तरुण, धडाडीचा आणि आपल्या अधिकाराविषयी कोणतीही शंका नसलेला. १५९९ मध्ये तो स्वतः मलबारात उतरला, गावोगाव फिरून त्याने नवे पाद्री दीक्षित केले आणि जूनच्या २० तारखेस उदयंपेरूर येथे धर्मसभा बोलाविली. दीडशेहून अधिक पाद्री आणि सहाशेहून अधिक गृहस्थ या सभेस हजर होते. आठवडाभरात जे ठराव संमत झाले, त्यांनी या समाजाची जुनी घडी मुळापासून विसकटली. मेसोपोटेमियातील पॅट्रिआर्क पाखंडी असल्याचे जाहीर करून त्याच्याशी संबंध तोडण्याची शपथ सर्वांना घ्यावी लागली. सुरियानी ग्रंथांची तपासणी होऊन कित्येक दुरुस्त केले गेले, कित्येक जाळले गेले. पाद्र्यांच्या विवाहांवर बंदी आली. गोव्याच्या इन्क्विझिशनचा अधिकार मलबारातही मान्य करण्यात आला. ठराव पोर्तुगीजांनी आधीच लिहून आणलेले होते. जमलेल्यांतील बहुतेकांना ती भाषा येत नव्हती. संमती दिली गेली हे खरे, पण तिला ‘ऐकणे’ म्हणता येईल की नाही, याविषयी शंका घेण्यास जागा आहे.

त्यानंतर अर्धशतक या समाजावर एकामागून एक असे तीन जेझुइट बिशप नेमले गेले: फ्रान्सिस्कु रोश, एस्तेवाँव द ब्रितु आणि फ्रान्सिस्कु गार्सिया. यांपैकी पहिला रोश सुरियानी आणि मलयाळम या दोन्ही भाषा जाणणारा विद्वान होता. तरी त्याच्या कारकिर्दीतही आर्चडीकनचे अधिकार एकेक करून काढून घेतले गेले. बुद्धीसह संपूर्ण समर्पण हेच आज्ञापालनाचे शिखर, अशी शिकवण ज्यांनी मनापासून स्वीकारली होती त्यांना कारभार वाटून घेणारा स्थानिक पुढारी हा शिस्तभंग वाटला, यात आश्चर्य नाही. उलट आर्चडीकनच्या दृष्टीने बिशप दीक्षा देण्यापुरता होता. शेतातल्या चर्चची किल्ली कोणाकडे असावी, हे सांगण्याचा त्याला अधिकार नव्हता. दोन्ही पक्ष एकमेकांना अवज्ञेचा दोष देत होते, आणि आपापल्या व्याख्येप्रमाणे दोघांचेही बरोबर होते. १६४० मध्ये आर्चडीकन जॉर्ज मरण पावला आणि पकलोमट्टम घराण्यातील परंबिल थोमा हा तरुण त्या पदावर आला. पुढच्याच वर्षी गार्सिया बिशप झाला. या दोघांचे कधीच पटले नाही.

मट्टांचेरी, १६५३

पेचप्रसंग उभा राहिला तो एका विस्मयकारक प्रवाशामुळे. अहतल्ला नावाचा हा सुरियानी बिशप मूळचा अलेप्पोचा. तो सुरतमार्गे १६५२ च्या ऑगस्टमध्ये मैलापूरला पोहोचला. पोर्तुगीजांनी त्याला तेथे अटकेत ठेवले. संत थॉमसच्या कबरीच्या दर्शनास मलबारातून आलेल्या दोन दीक्षार्थींशी त्याची गाठ पडली आणि त्यांच्यामार्फत त्याने आर्चडीकनला पत्र पाठविले. पोपने आपल्याला भारत आणि चीन यांचा पॅट्रिआर्क म्हणून पाठविले आहे, असा त्याचा दावा होता. अर्धशतकात पहिल्यांदाच आपल्या परंपरेचा, आपल्या उपासनेची भाषा बोलणारा बिशप किनाऱ्यावर आल्याचे कळताच मलबारात खळबळ उडाली.

अहतल्लाला घेऊन निघालेली जहाजे गोव्याकडे जाताना कोचीनला थांबणार होती. आर्चडीकन थोमा पाद्री आणि सशस्त्र अनुयायी घेऊन तेथे गेला. त्याची मागणी वाजवी होती. अहतल्लाला किनाऱ्यावर आणावे आणि त्याची अधिकारपत्रे सर्वांसमक्ष तपासावीत. ती खरी ठरली तर त्याला मान्यता द्यावी, खोटी ठरली तर शिक्षा करावी. या मागणीत बंडाचा लवलेश नाही. उलट ज्याची आज्ञा मानावयाची तो खरोखर अधिकारी आहे काय, याची खातरजमा करण्याची ती इच्छा आहे. गार्सियाने त्यांची भेटसुद्धा घेतली नाही. जहाजे रात्री गोव्याकडे निघून गेली. पोर्तुगीजांनी अहतल्लाला समुद्रात बुडविले, अशी आवई पाठोपाठ उठली. ती खरी नव्हती. त्याला गोव्याहून युरोपात पाठविण्यात आले आणि रोमच्या वाटेवर पॅरिस येथे १६५५ मध्ये त्याचा मृत्यू झाला, असे पुढील संशोधनातून दिसते. पण १६५३ च्या जानेवारीत मलबारात हे कोणालाही ठाऊक नव्हते. न ऐकले गेलेल्या माणसांनी कानावर आलेल्या अफवेवर विश्वास ठेवला.

३ जानेवारी १६५३ रोजी मट्टांचेरी येथील चर्चपुढे आर्चडीकन, कत्तनार आणि फार मोठा जनसमुदाय जमला. क्रूस आणि बायबल यांच्या साक्षीने त्यांनी शपथ घेतली की यापुढे गार्सियाला आपला बिशप मानणार नाही आणि जेझुइटांची आज्ञा पाळणार नाही. आपला कारभारी आर्चडीकनच. गर्दीतील प्रत्येकाला क्रूसाला हात लावणे शक्य नव्हते, म्हणून अंगणातील दगडी क्रूसाला दोर बांधून लोकांनी ते हाती धरले आणि त्या ओढीने क्रूस वाकला, अशी आख्यायिका आहे. मलयाळममध्ये ‘कूनन’ म्हणजे वाकलेला, पाठीला पोक आलेला. येशूने शपथच वाहू नये असे आपल्या डोंगरावरील प्रवचनात सांगितले आहे, याची आठवण त्या दिवशी कोणाला झाली असेल तर तशी नोंद नाही. उदयंपेरूरच्या सभेत त्यांच्याकडून शपथ घेवविली गेली होती. तिचे उत्तर त्यांनी शपथेनेच दिले.

शपथेत नेमके काय नाकारले गेले, याविषयी इतिहासकारांत आजवर एकमत नाही. कॅथलिक परंपरेतील अभ्यासक सांगतात की ती केवळ जेझुइटांविरुद्ध आणि गार्सियाविरुद्ध होती, पोपविरुद्ध नव्हे. ऑर्थोडॉक्स परंपरेतील अभ्यासक तिच्यात रोमच्या सत्तेपासूनच घेतलेली मुक्ती पाहतात. स्वतः अहतल्ला पोपच्या नावाने आला होता आणि लोक त्याच्यासाठी जमले होते, हे लक्षात घेता पहिले मत त्या दिवसापुरते अधिक सबळ वाटते. पण एकदा उचललेले पाऊल कोठे जाऊन थांबते, हे पाऊल उचलणाऱ्याच्या हाती राहत नाही.

हात कोणाचा?

कोणाचे ऐकावयाचे नाही, हे एका दिवसात ठरले. ऐकावयाचे कोणाचे, हे ठरण्यास मात्र बारा वर्षे लागली, आणि पुरते ठरले असे तरीही म्हणता येत नाही. अडचण अशी की बिशपविना चर्च चालत नाही. प्राचीन ख्रिस्ती सिद्धान्ताप्रमाणे बिशपपदाचा अधिकार हस्तस्पर्शाने संक्रमित होतो. प्रेषितांनी ज्यांच्या मस्तकी हात ठेवला ते पहिले बिशप, त्यांनी ज्यांच्या मस्तकी ठेवला ते दुसरे, अशी ही साखळी दिव्याने दिवा लावावा तशी चालत आली आहे. आपल्याकडील गुरुपरंपरेशी तिचे साम्य दिसते. पण गुरूचा अनुग्रह स्वप्नातही होऊ शकतो, हा हात मात्र प्रत्यक्ष असावा लागतो आणि तो बिशपचाच असावा लागतो. आर्चडीकन हा बिशप नव्हे. तो कारभार पाहू शकत होता, पण पाद्री घडवू शकत नव्हता. चालू पिढीतील कत्तनार मरण पावले की वेदीवर कोण उभे राहणार?

२२ मे १६५३ रोजी आलंगाड येथे यावर एक अभूतपूर्व उपाय करण्यात आला. बिशप उपलब्ध नसेल तर बारा पाद्र्यांनी मिळून आर्चडीकनच्या मस्तकी हात ठेवावा, अशी मुभा अहतल्लाच्या पत्रात आहे, असे सांगण्यात आले. त्याप्रमाणे बारा कत्तनारांनी थोमाला बिशपपदाची दीक्षा दिली आणि तो पहिला मार थोमा झाला. परंबिल चांडी, कडविल चांडी, वेंगूर गीवर्गीस आणि आंजिलिमूट्टिल इट्टी तोम्मन या चार कत्तनारांचे सल्लागार मंडळ त्याला देण्यात आले. पत्राच्या खरेपणाविषयी लौकरच शंका निघू लागल्या. पण पत्र खरे धरले, तरी मुख्य प्रश्न उरतोच: बारा पाद्र्यांचे हात मिळून एका बिशपच्या हाताची बरोबरी होते काय?

रोमने हा प्रश्न चातुर्याने हाताळला. मिशनांचा कारभार राजांच्या हातून काढून आपल्याकडे घेण्याची इच्छा पोपांनाही होतीच. त्यासाठी १६२२ मध्ये ‘प्रोपागांदा फिदे’ हे खाते रोममध्ये स्थापन झाले होते. पोप सातवा अलेक्झांडर याने जेझुइटांना बाजूला ठेवून कार्मेलाइट संघातील जुझेप्पे सेबास्तियानी याला मलबारात धाडले. १६५७ मध्ये आणि पुन्हा बिशप होऊन १६६१ मध्ये आलेल्या या शांत स्वभावाच्या माणसाने गावोगावी एकच गोष्ट समजावून सांगितली: थोमाची दीक्षा अवैध आहे, म्हणून त्याने दिलेल्या दीक्षाही अवैध आहेत. पाद्र्याने उच्चारलेल्या क्षमेने आपले पाप धुतले जात नसेल तर काय, ही भीती श्रद्धावान माणसाला सामान्य वाटणारी नाही. चार सल्लागारांपैकी परंबिल चांडी आणि कडविल चांडी रोमकडे वळले. १६६३ च्या जानेवारीत डच लोकांनी कोचीन जिंकून परकीय कॅथलिक धर्मगुरूंना निघून जाण्याचा हुकूम दिला, तेव्हा जाण्यापूर्वी सेबास्तियानीने कडुत्तुरुत्ती येथे परंबिल चांडीला बिशपपदाची दीक्षा दिली. तो आर्चडीकनचा आप्तच होता. ज्या मागणीसाठी बंड झाले होते, ती आपल्यातलाच बिशप मिळण्याची मागणी अशा रीतीने रोमच्या हातून पुरी झाली. ११६ चर्चपैकी ८४ चर्च चांडीकडे गेली आणि ३२ मार थोमाकडे राहिली, असा आकडा इतिहासग्रंथांत नेहमी दिला जातो.

मार थोमाचा पक्ष दुसऱ्या हाताच्या शोधात होता. तो हात १६६५ मध्ये आला: यरुशलेमचा सुरियानी ऑर्थोडॉक्स बिशप मार ग्रेगोरिओस अब्दुल जलील. त्याने थोमाच्या पदाला मान्यता देऊन ते नियमित केले, असे या पक्षाची परंपरा सांगते. पण मार ग्रेगोरिओस हा अँटिओकच्या पॅट्रिआर्कच्या, म्हणजे निराळ्याच चर्चचा प्रतिनिधी होता. जुने बिशप ज्या पूर्वेच्या चर्चमधून येत, त्याच्याशी अँटिओकचा ख्रिस्ताच्या स्वरूपाविषयी शतकांचा तात्त्विक मतभेद होता. मलबारातील लोकांनी त्याचा बाऊ केला नाही. तो सुरियानी बोलत होता आणि त्याच्यापाशी बिशपचा हात होता, एवढे त्यांना पुरेसे होते. पुढे हळूहळू त्यांची उपासनापद्धतीही अँटिओकच्या वळणाची झाली. रोमकडे गेलेल्यांना ‘पळयकूट्टुकार’ म्हणजे जुन्या पक्षाचे आणि थोमाबरोबर राहिलेल्यांना ‘पुत्तनकूट्टुकार’ म्हणजे नव्या पक्षाचे, अशी नावे पडली. ही नावे मोठी मौजेची आहेत, कारण आपणच जुने आहोत असा दोघांचाही दावा होता आणि आहे.

पद्रोआदोच्या वादाची झळ मुंबई बेटालाही पोहोचली. १७२० मध्ये इंग्रजांनी पोर्तुगीज पाद्र्यांना तेथून काढून चर्च कार्मेलाइटांच्या स्वाधीन केली. १७९४ मध्ये सरकारने ती गोव्याचा आर्चबिशप आणि कार्मेलाइट बिशप यांच्यांत वाटून दिली, आणि एकाच शहरातील कॅथलिक दोन बिशपांच्या आज्ञेत वागू लागले. ही दुहेरी व्यवस्था १९२८ मध्ये संपुष्टात आली.

वाद न्यायालयात

मलबारात मात्र शपथेने उभा केलेला प्रश्न मिटला नाही. त्याचे वेष बदलत गेले. एकोणिसाव्या शतकात इंग्रज मिशनऱ्यांनी पुत्तनकूट्टुकारांना सुधारणेचा आग्रह धरला, तेव्हा १८३६ मध्ये मावेलिक्करा येथील सभेने तो नाकारला: आपण अँटिओकच्या पॅट्रिआर्कचे अनुयायी, म्हणून दुसऱ्याचे शिक्षण स्वीकारू शकत नाही, असे तिने बजावले. सुधारणावादी आणि परंपरावादी यांच्यातील खटला त्रावणकोरच्या राजन्यायालयापर्यंत गेला. १८८९ च्या बहुमताच्या निकालाने पॅट्रिआर्कचा आध्यात्मिक अधिकार मान्य केला, पण चर्चच्या ऐहिक कारभारावरील त्याची सत्ता नाकारली. मामा-भाच्यांच्या काळातील जुनी विभागणीच जणू न्यायाधीशांनी पुन्हा कागदावर आणली. परंतु आध्यात्मिक कोठे संपते आणि ऐहिक कोठे सुरू होते? पॅट्रिआर्कने १९११ मध्ये या समाजाच्या प्रमुख बिशपला बहिष्कृत केले ते याच प्रश्नावरून. पुढच्याच वर्षी दुसऱ्या एका, पदच्युत मानल्या गेलेल्या पॅट्रिआर्कच्या हस्ते मलबारात ‘कॅथलिकॉस’ हे स्वतंत्र पीठ स्थापन झाले, आणि पॅट्रिआर्कला मानणारे व कॅथलिकॉसला मानणारे असे दोन तट पडले.

रोमकडे गेलेल्या शाखेलाही हा प्रश्न चुकला नाही. तिला देशी बिशप कायमचे मिळाले ते १८९६ मध्ये. पुढे २०२१ मध्ये या चर्चच्या धर्मसभेने सर्वत्र एकाच पद्धतीने उपासना व्हावी असे ठरविले असता एर्नाकुलम-अंगमाली या धर्मप्रांतातील बहुसंख्य पाद्र्यांनी आणि लोकांनी आपली रूढ पद्धत सोडण्यास नकार दिला. पोप फ्रान्सिस यांना डिसेंबर २०२३ मध्ये ध्वनिचित्रफितीद्वारे त्यांना ऐक्याचे आवाहन करावे लागले. उपासनेच्या वेळी पाद्र्याचे तोंड लोकांकडे असावे की वेदीकडे, हा वादाचा बाह्य विषय. आतला प्रश्न तोच.

पॅट्रिआर्क आणि कॅथलिकॉस यांच्या अनुयायांतील खटले सर्वोच्च न्यायालयात १९५८, १९९५ आणि २०१७ मध्ये निकालात निघाले. ३ जुलै २०१७ च्या निर्णयाप्रमाणे चर्चचा कारभार १९३४ च्या घटनेनुसार चालावा आणि समांतर व्यवस्था उभारता येऊ नये असे ठरले. यामुळे पॅट्रिआर्कला मानणारे लोक बहुसंख्य असलेल्या चर्चमधूनही त्यांच्या पाद्र्यांना बाहेर पडावे लागले. सप्टेंबर २०१९ मध्ये पिरवम येथील चर्चचा ताबा देववण्यासाठी पोलिसांना बंद दरवाजे उघडावे लागले. सर्वांत कठीण झाले ते मृतांचे. पिढ्यान्‌पिढ्या ज्या दफनभूमीत घरची माणसे पुरली गेली, तेथे आता आपण न मानलेल्या पाद्र्याच्या हातून प्रार्थना करवून घ्यावी लागणार, या विचाराने काही घरांत प्रेते कित्येक दिवस दफनाविना राहिली. अखेर केरळच्या विधानसभेने २०२० मध्ये कायदा केला. त्यान्वये कोणत्याही पक्षाच्या कुटुंबाला आपल्या गावच्या चर्चच्या दफनभूमीत आपले माणूस पुरण्याचा हक्क मिळाला. तेथील पाद्र्याची प्रार्थना नको असेल तर ती टाळण्याची आणि आपल्या पसंतीच्या पाद्र्याकडून अन्यत्र करवून घेण्याची मुभाही त्यात आहे.